वऱ्हाडात पोहोचणे आणि वऱ्हाडात फिरणे

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत बाहेरून येणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. इथवर यायचे कसे आणि आल्यावर फिरायचे कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत पुष्कळ सोपे झाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र काही बाबतींत पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. या दोन प्रश्नांभोवती रेल्वे, रस्ते, विमानतळ आणि जंगल यांचे अनेक वाद उभे आहेत. ते सहसा सुटे-सुटे चर्चिले जातात. प्रवाशाच्या बाजूने पाहिले, तर ते एकाच प्रश्नाचे भाग आहेत. ते एकत्र मांडून आज आपण कुठे आहोत हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : कापसासाठी आलेली गाडी

१८५३ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढच्या दीड दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला अचानक मोल आले होते. त्यामुळे मार्गाचे आणि फाट्यांचे गणित कापसाच्या बाजारपेठांवर बसले. जलंब–खामगाव हा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तो खामगावच्या कापूस बाजारासाठी. अमरावती शहर मुख्य मार्गावर आलेच नाही. गाडी बडनेऱ्याहून पुढे गेली आणि अमरावतीला फाटा मिळाला. आजही अमरावतीला येणाऱ्याला पहिली गोष्ट कळावी लागते ती हीच, की बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या बडनेऱ्याला थांबतात आणि तिथून शहर दहा-एक किलोमीटरवर आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रजी व्यापारी घराण्याच्या पुढाकाराने अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग आला. मूर्तिजापूर मध्यावर धरून त्याची एक शाखा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून अचलपूरला आणि दुसरी कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला गेली. लोकांनी त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. तिचेही पहिले काम कापूस मुख्य मार्गावर आणून टाकणे हेच होते. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास, खंडवा–अकोला–हिंगोली हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. त्याने हैदराबाद आणि राजस्थान वऱ्हाडातून जोडले. पूर्व-पश्चिम प्रवासाची सोय आधीपासून होती, आता उत्तर-दक्षिण प्रवासही शक्य झाला.

अशा रीतीने वऱ्हाडात रुळांच्या तीन रुंदी नांदत होत्या. प्रवाशाला अकोल्याला किंवा मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागे. वेग कमी होता, पण मेळघाटातल्या धूळघाटपासून अंजनगावच्या पानमळ्यांपर्यंत रुळांवरून जाता येत होते. आजच्या चर्चेत हा तपशील अनेकदा निसटतो.

आज यायचे कसे

रेल्वे अजूनही सर्वांत भरवशाची. हावडा–मुंबई मार्गावरच्या गीतांजली, मुंबई मेल, विदर्भ, सेवाग्राम, महाराष्ट्र एक्स्प्रेस अशा गाड्या अकोला आणि बडनेऱ्याला थांबतात. मुंबई–अमरावती एक्स्प्रेस रात्रीत प्रवास संपवते आणि थेट अमरावती स्थानकात पोहोचते. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, पूर्णामार्गे मराठवाडा आणि हैदराबादकडे जाता येते, कारण तो भाग रुंद झाला आहे. नरखेड–अमरावती हा १३८ किलोमीटरचा नवा मार्ग मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातून जातो आणि उत्तरेकडे जाणाऱ्याला नागपूरचा वळसा टाळता येतो.

रस्त्याची स्थिती सर्वाधिक बदलली आहे. धुळे–नागपूर राष्ट्रीय महामार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती अशा क्रमाने जातो. त्यातला अमरावती–अकोला टप्पा अनेक वर्षे रखडला होता आणि खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. विक्रमाचा भाग सोडला, तरी दोन्ही शहरांमधला प्रवास आज दोन तासांच्या आत आला, हे प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दुसरा मोठा बदल समृद्धी महामार्गाचा. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून आणि पुढे कारंजा, मालेगाव, मेहकरकडून जातो. अकोला शहर त्यावर नाही. अकोल्याला जाणाऱ्याने कारंजा किंवा शेलूबाजारच्या परिसरात उतरून उत्तरेकडे वळायचे. या मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मरण पावले. तेव्हापासून वेग, चालकाची झोप, टायरची तपासणी आणि थांब्यांची सोय हे प्रश्न समृद्धीच्या प्रत्येक चर्चेत येतात. रात्री चालक न बदलता हे अंतर एका दमात कापू नये, हा सल्ला प्रवास-माहितीत पहिल्या ओळीत असायला हवा.

आल्यावर फिरायचे कसे

इथून पुढे चित्र बदलते. प्रवाशाला ज्या जागा पाहायच्या असतात त्या बहुतेक मुख्य मार्गापासून दूर आहेत. चिखलदरा अमरावतीहून साधारण ऐंशी किलोमीटर. त्यातले परतवाड्यापुढचे तीसेक किलोमीटर घाटाचे. नरनाळा किल्ल्यासाठी अकोटपर्यंत जायचे आणि पुढे शहानूरच्या वनफाटकातून, कारण किल्ला अभयारण्यात आहे. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी तिवसा तालुक्यात आहे. महानुभावांचे रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी तेवढे नागपूर महामार्गावरच लागते. बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री अकोल्याच्या पश्चिमेला. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, पण अकोल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. जैनांचे मुक्तागिरी मध्य प्रदेशात, पण वाट परतवाड्यावरून. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमा प्रवाशाच्या वाटेशी जुळत नाहीत. सरकारी पुस्तिका जिल्हावार छापल्या जातात, म्हणून ही ठिकाणे एका पानावर कधी येत नाहीत.

स्वतःची गाडी नसलेल्याचा आधार म्हणजे एसटी, वऱ्हाडी तोंडची ‘येष्टी’. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यांतर्गत तिकिटात निम्मी सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ या चार किंवा सात दिवसांच्या पासात भटक्याला बरेच फिरता येते. अमरावती–परतवाडा, अकोला–अकोट, अकोला–शेगाव अशा वाटांवर गाड्या वरचेवर मिळतात. अडचण तालुक्याच्या गावापुढे सुरू होते. तिथे दिवसातून मोजक्या फेऱ्या, शाळेच्या वेळा पाहून लावलेल्या. मधली पोकळी काळी-पिवळी आणि ऑटो भरून काढतात, पण त्या भरल्याशिवाय निघत नाहीत आणि दिवेलागणीनंतर मिळतीलच असे नाही. म्हणून सकाळी निघण्याआधी शेवटची परतीची गाडी विचारून घेणे हा इथला सर्वांत उपयोगी नियम आहे. ती वेळ बसस्थानकावरच्या चौकशीत किंवा गावातल्या एखाद्या काकाजींना विचारूनच नीट कळते.

पहिला वाद : अकोला–खंडवा

मीटरगेज रुंद करण्याच्या कामासाठी जानेवारी २०१७ पासून अकोला–खंडवा गाडी थांबली. अकोला–अकोट हा ४४ किलोमीटरचा भाग रुंद होऊन २०२२ मध्ये तिथे प्रवासी गाडी पुन्हा धावू लागली. अकोट ते आमला खुर्द हा पुढचा टप्पा अडला, कारण जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो.

जुन्याच मार्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे. लोहमार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या आधीचा आहे आणि जमीन रेल्वेची आहे. अंतर कमी, खर्च कमी. हैदराबाद ते इंदूर-जयपूर या मार्गातली ही तुटलेली कडी लवकर जुळली, तर फायदा साऱ्या देशाचा. आणि सर्वांत कळीचे म्हणजे, जंगलातल्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारी जी एक स्वस्त गाडी होती, ती त्यांच्याकडून काढून घेतली जाते आहे.

पर्यायी मार्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे. जुनी सावकाश मीटरगेज आणि वेगाने, वारंवार धावणारी ब्रॉडगेज यांत मोठा फरक आहे. वाघ, अस्वल, रानगवा यांच्या वावराच्या गाभ्यात असा मार्ग झाला, तर जंगलाचे दोन तुकडे पडतील. गाडी थांबल्यापासून तो पट्टा शांत आहे, तो तसाच राहू द्यावा. हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार या बाजूने वळसा घेतला तर अंतर तीसेक किलोमीटरने वाढेल, पण तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोद या रेल्वे न पाहिलेल्या तालुक्यांना ती मिळेल. राज्य सरकारने २०२१ मध्ये केंद्राकडे याच मार्गाचा आग्रह धरला. न्यायालयीन आणि प्रशासकीय पातळीवर पुढे कल याच बाजूला झुकला.

कल स्पष्ट झाला तरी दोन प्रश्न उरतात. वळणाचा मार्ग पुरा होईपर्यंत लागणाऱ्या वर्षांत अकोटच्या पुढे काय, हा एक. जुन्या मार्गावरच्या वान रोड, धूळघाटसारख्या स्थानकांभोवतीच्या कोरकू आदिवासी वस्त्यांना गाडीच्या बदल्यात कोणती सोय मिळणार, हा दुसरा. वन्यजीवांची बाजू मान्य केली, तरी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी संपत नाही.

दुसरा वाद : शकुंतला

शकुंतलेच्या दोन्ही शाखा मिळून सुमारे १९० किलोमीटर. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते, त्यानंतर डिझेल आले. मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे आणि गाडी चालवणारी भारतीय रेल्वे, अशी तिची देशात दुर्मीळ असलेली व्यवस्था होती. रुळांची दुरवस्था वाढत गेली. आधी यवतमाळ शाखा, मग अचलपूर शाखा बंद पडली.

इथे तीन मते आहेत. पहिले, मार्ग ब्रॉडगेज करून मुख्य जाळ्यात आणावा. अचलपूर-परतवाड्याची जुळी शहरे, अंजनगाव, दर्यापूर यांना दुसरी रेल्वे नाही. रूपांतराच्या घोषणा झाल्या आहेत आणि त्यासाठी परतवाड्याकडच्या नागरिकांनी आंदोलनेही केली आहेत. दुसरे, शकुंतला वारसा म्हणून जपावी. डोंगरातल्या अरुंद गाड्या पर्यटक आणतात, तशी कापसाच्या शेतांमधून जाणारी ही गाडीही आणू शकेल. तिसरे मत हिशेबी आहे. समांतर रस्ते चांगले झाले, एसटी आणि दुचाकी आल्या, तेव्हा नव्या मार्गाला पुरेसे प्रवासी आणि माल मिळेल का, हे आधी तपासा. पहिल्या दोन मतांत भावनेचा ओलावा सारखाच आहे, पण रुंद केलेली शकुंतला वारशाची राहत नाही आणि वारशाची शकुंतला रोजच्या नोकरदाराच्या कामाची नाही. निवड करावीच लागेल आणि ती अजून झालेली नाही.

तिसरा वाद : दोन विमानतळ

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० मीटरची आहे आणि तिच्यावर एटीआर ७२ जातीची विमाने उतरतात. अकोल्याचा शिवणी विमानतळ त्याहून जुना असूनही धावपट्टीच्या विस्तारासाठी थांबला आहे. त्यासाठी लागणारी काही जमीन डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आणि काही खासगी.

अकोलेकरांचा युक्तिवाद सरळ आहे. व्यापाराचे शहर, शेगावची वाट, वाशीम-बुलढाण्याचा आधार, तरी विमान नाही. दुसरी बाजू म्हणते की शंभर किलोमीटरच्या आत दोन विमानतळ तग धरतील का याचा विचार व्हावा. शिवाय कृषी संशोधनाची जमीन एकदा धावपट्टीखाली गेली की परत येत नाही. बेलोऱ्याची सेवा किती भरते आणि टिकते, यावर या वादाचा पुढचा अंक ठरेल. तोवर विमानाने येणाऱ्याने फेऱ्यांचे दिवस आधी पाहावेत आणि गरज पडल्यास नागपूर विमानतळाचा पर्याय हाताशी ठेवावा. तिथून अमरावती रस्त्याने तीन तासांच्या आसपास आहे.

चौथा वाद : मेळघाट कोणासाठी

मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला तो एक. सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या नद्या त्यातून तापीकडे जातात. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर ही प्रवाशांच्या परिचयाची ठिकाणे. सफारी आणि वनखात्याच्या विश्रामगृहांचे आरक्षण ऑनलाइन होते. पावसाळ्यात अनेक मार्ग बंद असतात. इथे वाघ ताडोबासारखा हमखास दिसत नाही, कारण डोंगर तुटक आणि झाडी दाट. जंगल पाहायला येणारा इथून भरून जातो, फक्त वाघ मोजायला येणारा निराश होतो. हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले बरे.

अकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचे चिखलदरा हे विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड आणि कॉफीचे मळे यांसाठी ते ओळखले जाते. नवे नगर वसवण्याचे काम सिडकोकडे आहे. दोन पॉइंट्समधल्या दरीवरून जाणाऱ्या ४०७ मीटरच्या काचेच्या स्कायवॉकचे काम वन आणि वन्यजीव परवानग्यांमुळे लांबत गेले. समर्थकांना त्यात तरुणांचा रोजगार दिसतो. वाटाड्या, जिप्सीचालक, घरगुती खाणावळ, मध आणि रानमेवा विकणारी बाई, या सगळ्यांना गर्दी हवी आहे. दुसऱ्या बाजूला जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटात लागणाऱ्या रांगा, कचरा आणि पाणी यांची चिंता आहे.

त्याखाली अधिक खोल प्रश्न आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गावे हलवली गेली. पुनर्वसनावर नाराज होऊन परतलेले गावकरी आणि वनविभाग यांच्यात जानेवारी २०१९ मध्ये अकोट बाजूला संघर्षही झाला. ज्या वाटेने पर्यटकाला प्रवेश आहे त्या वाटेवर मूळ रहिवाशाला का नाही, असे हलवलेली माणसे विचारतात. वनविभागाचे उत्तर असे की गाभा मोकळा झाल्याने गवताळ कुरणे वाढली आणि हरीण-सांबर परतले. गावांना शाळा, दवाखाना, रस्ता बाहेरच मिळू शकतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि समेट अर्धवट आहे.

धारणीचा माणूस हाही प्रवासीच आहे. आजारी लेकराला घेऊन तो अमरावतीच्या इर्विन किंवा डफरीन रुग्णालयाकडे निघतो, तेव्हा त्याच्यापुढे दीडशेच्या आसपास किलोमीटर आणि घाट असतो. कुपोषणाच्या निमित्ताने मेळघाटाचे नाव तीसेक वर्षे देशभर घेतले गेले. या वाटेवर गाडी किती वेळात मिळते, हे मेळघाटातल्या प्रवास-सोयीचे खरे माप आहे. पर्यटकांची संख्या त्यानंतर येते.

ऋतू, पाणी, जेवण

या भागात यायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारी अकरा ते पाच बाहेर न पडणे शहाणपणाचे. चिखलदरा पावसाळ्यात सुंदर, पण धुके आणि गर्दी दोन्ही धरून चालावे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या अनेक गावांत भूजल खारट आहे, म्हणून पिण्याचे पाणी सोबत ठेवावे.

सण-यात्रांच्या तारखा पाहून यावे, किंवा टाळून यावे. नवरात्रात अमरावतीला अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाची रीघ लागते. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आणणाऱ्या कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे जातात आणि शहरातली वाहतूक वळवली जाते. हिवाळ्यात बहिरमची यात्रा भरते, तिथले रोडगे आणि हंडीतले मटण प्रसिद्ध. अमरावतीचा गिला वडा, शेगावची कचोरी, पाटवडी-रस्सा, गोळाभात आणि ज्वारीची भाकर हे इथले जेवण. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगावे, यजमान आनंदाने दही पुढे करतो.

काय उरले आहे

आढाव्याअंती एक गोष्ट ठळक होते. वऱ्हाडच्या वाहतुकीवर जो पैसा आणि जी चर्चा गेली, ती मुख्यतः वऱ्हाड ओलांडण्याच्या किंवा वऱ्हाडापर्यंत येण्याच्या सोयीवर गेली. समृद्धी, महामार्ग, बेलोरा हे तिन्ही त्या अर्थाने यशस्वी आहेत. याच काळात मीटरगेज आणि अरुंद गाडी बंद पडून आतल्या प्रवासाचे दोन जुने आधार गेले. त्यांची जागा घेणारी सार्वजनिक सोय अजून पुरती उभी राहिलेली नाही.

अनुत्तरित प्रश्न चार. अकोट–खंडवा कधी जुळणार आणि जंगलातल्या वस्त्यांना बदल्यात काय मिळणार? शकुंतला रोजची होणार की वारशाची? दोन विमानतळांचा विचार स्पर्धेने होणार की एकत्र? आणि चिखलदरा-मेळघाटची प्रवासी-क्षमता कोण ठरवणार, त्यात कोरकू गावांचा शब्द किती असणार?

पाचवे काम मात्र कोणत्याही मंजुरीवाचून आज होऊ शकते. अकोट, परतवाडा, धारणी, मोर्शी, बाळापूर या स्थानकांवरच्या येष्टीच्या वेळा, शेवटची गाडी, वनफाटकांचे दिवस आणि जवळचा दवाखाना ही माहिती मराठीत, जिल्ह्याची सीमा न पाहता, एका जागी आणि महिन्याला तपासून मिळाली पाहिजे. तिचा उपयोग पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला होईल, तसाच धारणीहून अमरावतीला निघालेल्या आईलाही. वऱ्हाडात फिरणे सोपे झाले का, हे ठरवताना आधी तिला विचारायला हवे.